उपवास सोडायच्या दिवशी तिच्याकडे बघा

पत्र: ताई, नमस्कार. माझ्या बहिणीची मुलगी (वय १९) दीड वर्षापासून आमच्याकडे पुण्यात शिकायला आहे. बहीण बार्शीला असते. पोरगी गुणी, अभ्यासात हुशार. गेल्या नवरात्रात नऊ दिवस उपवास केले, ते संपले तसा सोमवार धरला, मग मार्गशीर्षातले गुरुवार, मार्गशीर्ष संपला तरी गुरुवार चालूच, मग शनिवार, वर संकष्टी आणि दोन्ही एकादश्या. उपवासाला साबुदाणा चालत नाही, म्हणते तेलकट असतो. काकडी आणि काळी कॉफी, बस. बाकी दिवशी "कॉलेजमध्ये खाल्लं". आम्हाला मात्र करून घालायला सगळ्यात पुढे, परवा चीजकेक केला, आग्रह करकरून वाढला, स्वतः चमचाभरसुद्धा नाही. सॅक धुवायला काढली तर डब्यातल्या तीन दिवसांच्या पोळ्या निघाल्या, बुरशी आलेल्या. मे महिन्यात स्वेटशर्ट घालून बसायची. जेवणं झाली की बाथरूममध्ये नळ सोडून दहा मिनिटं. मोरीच्या जाळीवर केसांचे पुंजके. चार महिन्यांत पॅड आणलेले नाहीत. बहिणीला सांगितलं तर म्हणते, "बारीक झाली ते बरंच झालं, पुढे स्थळं बघायला सोपं, देवाधर्माचंही करतेय, तुझ्या का पोटात दुखतंय?" आमचे मिस्टर म्हणतात या वयात मुली असंच करतात. मी उगाच शंका घेतेय का? बोलायचं तर कसं बोलू, पोर माझी असूनही माझी नाही. आता आषाढीला निर्जळी करणार म्हणतेय. — एक मावशी

उत्तर:

ताई, उगाच शंका अजिबात नाहीये. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना पेन्सिल घेऊन खुणा करत गेले, तर खुणांनी पान भरलं. पत्रावरून निदान करता येत नाही, ते डॉक्टरचं काम, पण ज्याला ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे खाण्याशी जोडलेला आजार, म्हणतात त्याची बहुतेक लक्षणं तुम्ही नाव माहीत नसताना एकेक करून बरोबर लिहिली आहेत. आणि तुम्ही ती बघितलीत, आईने नाही, यात आईचा दोष नाही हो, ती बार्शीत आहे आणि तिला फोनवर फक्त "आज उपवास आहे" एवढंच ऐकू येतं.

आधी उपवासाचंच बोलते, कारण आपल्याकडे हा आजार लपायला इतकी चांगली जागा दुसरी नाही. डाएट म्हटलं तर घरातलं कोणीतरी टोकतं, उपवास म्हटलं की सगळे गप्प, उलट कौतुक. आता उपवास कोण करत नाही, माझी सासू आयुष्यभर करत आली, आणि आपल्याकडे "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण काही उगाच नाही पडली. खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, रताळ्याच्या फोडी, वर केळं आणि दूध. उपवास करणारं माणूस सकाळपासून खिचडीची वाट बघतं आणि दुसऱ्या दिवशी वरणभात समोर आला की त्याचा चेहरा खुलतो. म्हणून तिने उपवास किती केले ते मोजत बसू नका, उपवास सोडायच्या दिवशी तिच्याकडे बघा. ज्या मुलीला पारणं जवळ आलं की घाम फुटतो, जी उपवास संपायच्या आत पुढचा वार शोधून ठेवते, जिला उपवासाचे पदार्थसुद्धा चालत नाहीत, तिचा देवाशी काही संबंध नाही, तिला खाण्याची भीती वाटतेय. भीती हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. हट्ट नाही, नखरे नाहीत, फॅशन नाही. आपल्याला पाल अंगावर पडल्यावर जे होतं ते तिला तूप लावलेली पोळी बघून होत असेल असं धरून चला, म्हणजे तुमचा आवाज आपोआप बदलेल.

वजनाच्या आकड्यावर जाऊ नका हेही लगेच सांगते, कारण मी स्वतः त्यात फसले आहे. मी बावीस वर्षं कॉलेजात समुपदेशक म्हणून काम केलं. सुरुवातीच्या काळात एक मुलगी सुट्टीनंतर एकदम बारीक होऊन आली आणि मी, समुपदेशक बाई, स्टाफरूमच्या दारात तिला म्हणाले, "अगं काय सुंदर दिसतेयस, मला पण सांग की काय करतेस." सहा महिन्यांनी ती प्रॅक्टिकलला चक्कर येऊन पडली. नंतर बरी झाल्यावर तिनेच मला सांगितलं की मॅडम, तुमचं ते वाक्य मी रोज रात्री भूक लागली की आठवायचे. आजही कोणाला "बारीक झालीस" म्हणायच्या आधी माझी जीभ अडखळते.

तर आकडा. अ‍ॅनोरेक्सियात माणूस खाणं तोडत जातं आणि वजन खूप उतरतं, ते दिसतं तरी. बुलिमियात एकदम खूप खाल्लं जातं, ताबाच राहत नाही, आणि मग उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या, नाहीतर तासन्‌तास व्यायाम, आणि यात वजन अगदी नॉर्मल असू शकतं, म्हणून वर्षानुवर्षं कोणाला कळत नाही. इंग्लंडच्या राजकन्या डायनाने १९९५ साली टीव्हीवरच्या मुलाखतीत स्वतः सांगितलं की तिला कित्येक वर्षं बुलिमिया होता, आणि त्या बाईवर तर अख्ख्या जगाचे कॅमेरे रोखलेले होते! तिसरा प्रकार बिंज ईटिंग, खाणं सुटतं पण ते बाहेर काढणं नाही, मग लाज आणि लपून खाणं. आणि आधी जाड असलेली मुलगी पंचवीस किलो उतरवून "नॉर्मल" वजनावर आलेली असते तेव्हाही शरीर आतून उपाशीच असू शकतं, तिला तर सगळे हार घालतात. मुलगे पण यातून सुटत नाहीत, फक्त त्यांचं जिम आणि "कटिंग"च्या, म्हणजे अंगावरची चरबी उतरवण्याच्या, नावाखाली चालतं, पण तो विषय पुन्हा कधी.

तुमच्या चीजकेकबद्दल. हे वाचून मिस्टर म्हणाले असतील की जी इतकं हौसेने करते तिला खाण्याचं काय वावडं असणार. उलट आहे ताई. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग झाला होता, ३६ धडधाकट तरुण पुरुष, स्वतःहून आलेले, त्यांना २४ आठवडे जवळजवळ निम्म्या खाण्यावर ठेवलं. हेतू असा की महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना परत खाऊ-पिऊ कसं घालायचं ते समजावं. तर ज्यांना कधी स्वयंपाकात रस नव्हता असे हे बाप्ये पाककृतींची पुस्तकं वाचायला आणि जमवायला लागले, दिवसरात्र खाण्याचाच विचार, ताटातलं अन्न बारीक तुकडे करून तासभर चिवडत बसायचे, चिडचिड, उदासी, माणसांत मिसळेनात, सारखी थंडी वाजायची. यातल्या कोणालाही बारीक व्हायची इच्छा नव्हती, नुसत्या उपासमारीने डोकं असं झालं. म्हणजे तुमची भाची हल्ली चिडकी, गप्प, एकलकोंडी झाली असेल तर तो तिचा स्वभाव म्हणून धरू नका, उपाशी मेंदू बोलतोय. आणि ती तुम्हाला आग्रह करून वाढते तेव्हा स्वतःचं जेवण ती तुमच्या तोंडाने जेवत असते, मला तरी ते असंच वाटत आलंय.

बाकी तुम्ही लिहिलेलं पटापट बघू. स्वेटशर्ट दोन कारणांनी असतो, अंगावर चरबी नाही म्हणून थंडी वाजते आणि हाडं दिसू नयेत म्हणूनही. पाळी थांबते कारण शरीर घरखर्च कापतं, जे आत्ता नसलं तरी चालेल ते आधी बंद. केसांचं तेच. हातावर, पाठीवर बारीक मऊ लव आलीय का बघा, आली असेल तर तेही यातलंच. नळ सोडून दहा मिनिटं म्हणजे उलटीचा आवाज झाकायला असू शकतं, अशा वेळी बोटांच्या मागच्या सांध्यांवर दात लागून घट्टे पडलेले दिसतात, कानाच्या पुढे गाल सुजल्यासारखे दिसतात, दातांना थंड-गरम लागायला लागतं. उलटीनंतर लगेच ब्रश केला तर अ‍ॅसिडने मऊ झालेल्या दातांचं आणखी नुकसान होतं, नुसत्या पाण्याने चुळा भरायच्या, हे तिला कधीतरी दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर खपवून सांगून ठेवा.

डॉक्टर लोक वापरतात ते पाच सोपे प्रश्न आहेत, १९९९ सालापासून जगभर वापरात आहेत. पोट फार भरलं असं वाटून तू उलटी काढतेस का. किती खातेय यावरचा ताबा सुटलाय अशी काळजी वाटते का. गेल्या तीन महिन्यांत साधारण सहा किलोच्या वर वजन उतरलं का. बाकीचे बारीक म्हणतात तरी तुला स्वतः जाड वाटतं का. खाण्याच्या विचारांनी आयुष्य व्यापून टाकलंय असं वाटतं का. दोन किंवा जास्त "हो" आले तर तपासणी करून घ्यायची. पण हे तुम्ही मनातल्या मनात विचारायचेत हं, पोरीला समोर बसवून उलटतपासणी करू नका, ती पाचही वेळा "नाही" म्हणेल आणि उद्यापासून दाराला कडी लागेल.

मग बोलायचं कसं? जेवणाच्या टेबलावर बोलू नका, ताट समोर असताना तर बिलकूल नाही. रात्री गच्चीवर, स्कूटरवरून येताना, भांडी पुसताना, असं कुठेतरी बोला जिथे एकमेकींच्या डोळ्यात बघावं लागत नाही. मिस्टर नकोत, फक्त तुम्ही दोघी. वजन, बारीक, हाडं, खात नाहीस, हे शब्द टाळा. तुम्हाला जे दिसलं आणि तुम्हाला जे वाटलं तेवढंच सांगा. "अगं, तुला हल्ली सारखी थंडी वाजते, जिना चढताना थांबतेस, मला रात्री झोप लागत नाही तुझ्या काळजीने. काही त्रास होतोय का? मला सांगितलंस तर मी रागावणार नाही." सॅक उघडली होती ते लपवू नका, "पोळ्या सापडल्या मला, ओरडायला नाही सांगत आहे" असं सरळ म्हणून टाका, नाहीतर तिला नंतर कळलं की विश्वासच गेला.

ती नाकारेल. जवळजवळ नक्कीच. "मावशी तू पण ना", किंवा रडेल, किंवा बार्शीला जाते म्हणेल. त्यात तुमचं काही चुकलं असं समजू नका, आजारच असा आहे की तो असलेल्या माणसाला तो आपला जवळचा मित्र वाटतो आणि तुम्ही त्या मित्राला घराबाहेर काढायला आलात. तिथे वाद घालू नका, "बरं, आज नको, पण मी परत विचारणार आहे" म्हणा आणि दोन-तीन दिवसांनी खरंच विचारा. आणि शपथा नकोत प्लीज. "माझी शप्पथ, एक घास खा" यातून घास जातो, दहा मिनिटांनी नळ सुटतो.

डॉक्टरकडे मात्र तिने कबूल करायची वाट बघत बसायचं नाही. पाळी हे चांगलं निमित्त आहे, "चार महिने झालेत, दाखवून येऊ" याला ती नाही म्हणायची शक्यता कमी. पण डॉक्टरला आधी फोन करून किंवा चिठ्ठी देऊन सगळं सांगा, उलटीची शंकासुद्धा, नाहीतर काय होतं की पाळीची गोळी आणि एक टॉनिक देऊन घरी पाठवतात, हे मी खूपदा पाहिलंय. नाडी, झोपून आणि उभं राहून बीपी, ईसीजी, रक्तात पोटॅशियम, फॉस्फेट, साखर, हिमोग्लोबिन एवढं व्हायला हवं असं तुम्हीच म्हणा. उलट्यांनी पोटॅशियम उतरतं आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून हा आजार नुसता मनाचा म्हणून सोडून द्यायचा नसतो, मानसिक आजारांत सगळ्यात जास्त जीव घेणाऱ्यांमध्ये अ‍ॅनोरेक्सियाचा नंबर लागतो. आणि रिपोर्ट नॉर्मल आले तर "बघ, काही नाही झालं" म्हणून हुश्श करू नका, शरीर फार दिवस तग धरून असतं आणि रिपोर्ट बऱ्याचदा उशिरा बोलतात.

ती चक्कर येऊन पडली, छातीत धडधडतंय म्हणाली, उलटीत रक्त दिसलं, पाणीसुद्धा घेईनाशी झाली, जागेपणी शांत बसलेली असताना मनगटावर एक मिनिट मोजलेली नाडी पन्नासच्या खाली आली, किंवा जगण्याबद्दल काही वेडंवाकडं बोलली, तर अपॉइंटमेंट वगैरे काही नाही, त्याच वेळी हॉस्पिटल. आणि एक, मायेपोटी एकदम तूप-लाडू-बासुंदी सुरू करू नका. खूप दिवस उपाशी असलेल्या शरीरात अचानक भरपूर अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट धाडकन उतरू शकतं आणि ते जिवावर बेततं, म्हणून खाणं किती आणि कसं वाढवायचं ते डॉक्टरनेच ठरवायचं.

पुढे मानसोपचारतज्ज्ञ आणि याची माहिती असलेला आहारतज्ज्ञ दोघं लागतील. पुण्यात ससूनला मानसोपचार विभाग आहे, खर्चाचा प्रश्न असेल तर तिथे जा, लाजायचं काही नाही. त्याआधी तुम्हाला स्वतःलाच कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. शाळकरी मुलांसाठी लंडनच्या मॉडस्ली हॉस्पिटलात १९८० च्या दशकात एक पद्धत तयार झाली, तिच्यात आईवडील काही काळ मुलाच्या खाण्याची सगळी सूत्रं हातात घेतात, काय आणि किती ते मोठ्यांनी ठरवायचं, प्रेमाने पण न डगमगता, आणि मूल सुधारेल तसं हळूहळू परत सोपवायचं. तुमची भाची १९ ची, कायद्याने सज्ञान, तिला सरसकट तसं लागू होईल असं नाही, बुलिमिया असेल तर एक विशिष्ट प्रकारची सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारा, बोलून करायचा उपचार) जास्त उपयोगी पडते, ते तज्ज्ञ ठरवतील. पण घरातल्यांनी सोबत जेवायचं ही गोष्ट दोन्हीकडे कामाला येते. जेवताना तिच्या ताटाकडे न बघता काहीतरी फालतू गप्पा मारा, आणि नंतर तासभर तिला एकटं सोडू नका, पत्ते काढा, सिरियल लावा, मटार सोलायला बसवा, काहीही. वजनकाटा असेल तर तो माळ्यावर. आणि मिस्टरांना सांगा की स्वतःच्या पोटावरून विनोद करणंही सध्या बंद!

आता बहीण. तिला फोनवर सांगू नका, शक्य असेल तर बार्शीला जाऊन या, एस.टी.ने चार-पाच तासांचा तर प्रश्न. "तुझं लक्ष नाही" हे चुकूनही नको. आईला आधीच वाटत असतं की माझंच काहीतरी चुकलं, आणि म्हणूनच ती तुमच्यावर उलटली. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांवरून हे स्पष्ट झालंय की या आजारात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो, कोणाच्या संस्कारांनी किंवा एखाद्या वाक्याने एकट्याने तो होत नाही, हे तिला आधी सांगा, मग तारखा सांगा. पाळी शेवटची कधी, पोळ्या कधी सापडल्या, किती वार उपवास. "आठवड्यात सातपैकी तीन-चार दिवस ती काकडीवर असते" हे ऐकल्यावर कुठलीही आई स्थळांचं बोलणार नाही.

आणि घरात आजी आहे का? असेल तर तिला हाताशी धरा. आजारी माणसाला, बाळंतिणीला, लहान लेकराला उपवास नसतो हे आपल्याकडे पूर्वापार आहे, पण ते मावशीने सांगण्यात आणि आजीने सांगण्यात फरक आहे. "बाई गं, तुझे सगळे वार मी करते, तू औषध संपेपर्यंत जेव" असं आजी म्हणाली तर उपवासाचं पांघरूण अलगद निघतं. आजार त्याने जाणार नाही, ती उद्या दुसरं काहीतरी काढेल, ग्लूटेन चालत नाही, संध्याकाळी सातनंतर जेवत नाही, असं. पण मग निदान ते सगळ्यांना उघड दिसेल आणि मिस्टरांनाही पटेल.

राहिली आषाढी. निर्जळी तर नाहीच, यावर तुम्ही वाईट झालात तरी चालेल, पाणी बंद आणि पोटॅशियम आधीच कमी असेल तर तो खेळ नाही. पण त्या दिवशी भांडायची वेळच येऊ देऊ नका, डॉक्टरची तारीख एकादशीच्या आधीची घ्या, नंतरची नको. आणि द्वादशीला सकाळी कामावर उशीर झाला तरी चालेल, तिच्या शेजारी ताट घेऊन बसा.